‘रॅटिफिकेशन’ आणि ‘फेडरलिस्ट’ : मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

अमेरिकेच्या राज्यघटनेवर १७८७-८८ मध्ये तिथल्या राज्याराज्यांत जो वाद झडला, त्यावरचा एक लेख मराठीत आणते आहे. दोन ठिकाणी अडलंय. ‘रॅटिफिकेशन’ला, म्हणजे घटनेच्या मसुद्याला राज्यांनी दिलेल्या मान्यतेला, कोश ‘अनुसमर्थन’ देतो, पण तो शब्द सरकारी कागदाबाहेर कुणी वापरतं का? ‘शिक्कामोर्तब’ केलं तर? आणि ‘फेडरलिस्ट’ (मसुद्याच्या बाजूचे), ‘अँटी-फेडरलिस्ट’ (विरुद्ध बाजूचे) यांना मी ‘संघराज्यवादी’ आणि ‘संघराज्यविरोधी’ केलंय. पण व्हर्जिनियातला मसुद्याचा कडवा विरोधक पॅट्रिक हेन्री, त्याची भाषणं वाचताना हा माणूस राज्यांच्या संघाविरुद्ध बोलतोय असं वाटतच नाही. उलट संघच वाचवायला निघाल्यासारखा बोलतो.

उत्तर

शिक्कामोर्तब नको. शिवाजी महाराजांच्या पत्रात माथ्यावर शिक्का असतो आणि मजकूर संपला की ‘मर्यादेयं विराजते’ ही मोर्तब. ज्याचा हुकूम, त्याचाच शिक्का, आणि मोर्तबेनंतर कुणी ओळ घुसडायची नाही. तुमच्या प्रकरणात मसुदा लिहिणारे वेगळे आणि मान्य करणारे वेगळे. वृत्तपत्री मराठीत शिक्कामोर्तब म्हणजे ‘ठरलेलंच होतं, आता औपचारिकता उरकली’ असाही वास येतो. व्हर्जिनियात ८९ विरुद्ध ७९ आणि न्यूयॉर्कात ३० विरुद्ध २७ अशा मतांनी जे जेमतेम तरलं, त्याला औपचारिकता कसं म्हणणार?

उत्तर

‘कार्योत्तर मंजुरी’ कुणी सुचवायच्या आत सांगतो, तीही नको. ती खर्च आधी झाला आणि बिलं नंतर आली तेव्हाची.

उत्तर

मला ‘अनुसमर्थन’ एवढा वाईट वाटत नाही. आपल्या कायद्याच्या मराठीत तो रुळलाय. काही घटनादुरुस्त्यांना निम्म्या राज्यांच्या विधानमंडळांची संमती लागते, तिथे तो येतो. २०१६ ची वस्तू व सेवा कराची १०१ वी घटनादुरुस्ती त्याच वाटेने गेली.

मात्र एक फरक लेखात यायलाच हवा. आपल्याकडे अनुसमर्थन विधानमंडळं करतात. १७८७ च्या मसुद्याच्या सातव्या अनुच्छेदाने ते काम राज्यांच्या विधानमंडळांकडे दिलंच नाही. त्यासाठी प्रत्येक राज्यात मुद्दाम निवडलेली सभा भरायची होती, आणि १३ पैकी ९ राज्यांच्या सभांनी होकार दिला की त्या ९ राज्यांपुरती घटना लागू. यात दोन हिशेब होते. नव्या घटनेने राज्यांच्या विधानमंडळांचेच अधिकार कापले जाणार होते, ती आपल्या हाताने कशाला कापून देतील? आणि विधानमंडळाने आज दिलेलं उद्याचं विधानमंडळ काढून घेऊ शकतं. खुद्द लोकांनी दिलेलं तसं काढता येत नाही. मसुद्याच्या प्रमुख शिल्पकारांतला जेम्स मॅडिसन, त्याचा भर या दुसऱ्यावर होता.

आणि तेव्हा लागू असलेल्या कराराप्रमाणे, म्हणजे १७८१ पासूनच्या ‘आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन’प्रमाणे, बदलाला तेराही विधानमंडळांचा होकार लागत होता. ऱ्होड आयलंडने तर मसुदा जिथे तयार झाला त्या फिलाडेल्फियाच्या बैठकीला माणूससुद्धा पाठवला नव्हता. तेरांची अट नवांवर आणणं हे जुन्या नियमाच्या बाहेरचं होतं, आणि विरोधकांनी ते बोलून दाखवलं. म्हणून पहिल्यांदा ‘अनुसमर्थन’ लिहा, लगेच ‘म्हणजे राज्याराज्यांत निवडलेल्या सभांनी दिलेली संमती’ असं उलगडा, पुढे नुसतं ‘संमती’ चालेल.

उत्तर

फेडरलिस्टांबद्दल. तुम्हाला जे खटकलंय ते त्या काळातल्या लोकांनाही खटकत होतं.

‘फेडरल’च्या मुळाशी लॅटिन ‘फेडुस’ आहे, म्हणजे तह, करार. १७८७ पर्यंत फेडरल म्हणजे स्वतंत्र राज्यांनी आपापसात कराराने बांधलेली व्यवस्था. त्या अर्थाने जुनी, ढिली व्यवस्थाच फेडरल होती आणि ती टिकवू पाहणारे खरे फेडरलिस्ट. पण मजबूत केंद्र मागणाऱ्यांनी हा शब्द आधी उचलला आणि समोरच्यांना ‘अँटी’ चिकटवून दिलं. राजकारणातली ही चलाखी मला तरी त्यांच्या कितीतरी युक्तिवादांपेक्षा सरस वाटते. विरोधकांतल्या एका पत्रलेखकाने ‘फेडरल फार्मर’ हेच टोपणनाव घेतलं, ते उगाच नाही.

शब्दांची ही काळजी फिलाडेल्फियातच सुरू झाली होती. २० जून १७८७ ला कनेक्टिकटचा प्रतिनिधी एल्सवर्थ याच्या सूचनेवरून ठरावातला ‘राष्ट्रीय सरकार’ हा प्रयोग काढून ‘संयुक्त संस्थानांचे सरकार’ असं केलं गेलं. अधिकार तेच राहिले, बिचकवणारा शब्द गेला. पुढे मॅडिसनने मसुद्याच्या बाजूने लिहिलेल्या ‘फेडरलिस्ट’ लेखमालेच्या ३९ व्या लेखात सांगितलं की ही घटना काटेकोरपणे ना राष्ट्रीय ना फेडरल, दोहोंचं मिश्रण आहे. म्हणजे फेडरलिस्टांचा मोठा लेखकच कबूल करतोय की नाव अर्धंच खरं आहे!

एल्ब्रिज गेरीने १७८९ मध्ये काँग्रेसमध्ये याचा वचपा काढला. फिलाडेल्फियात हजर राहून सही न करणाऱ्या तिघांतला हा एक. दुसरे दोघे मेसन आणि रँडॉल्फ. तो म्हणाला, एक बाजू रॅटिफाय करायच्या मताची होती आणि दुसरी नव्हती, तेव्हा यांची नावं ‘रॅट’ आणि ‘अँटी-रॅट’ अशी हवी होती. रॅट म्हणजे उंदीर, त्यामुळे टोला कुणाला बसला ते उघड आहे. मराठीत ही कोटी उतरणार नाही. मूळ शब्द देऊन समजावून सांगा, ओढूनताणून यमक जुळवू नका.

तेव्हा ‘संघराज्यविरोधी’ नको. जिंकणाऱ्यांनी दिलेलं नाव आपण तथ्य म्हणून छापल्यासारखं होतं.

प्रश्नकर्तीकडून

मग ‘घटनासमर्थक’ आणि ‘घटनाविरोधक’?

उत्तर

‘घटनाविरोधक’ आज मराठीत शिवी आहे. वाचणारा आपल्याकडच्या प्रचारसभेत जाऊन पोहोचेल. शिवाय १७८८ मध्ये ती अजून घटना झालीच नव्हती, मसुदा होता. ‘मसुद्याचे समर्थक’ आणि ‘मसुद्याचे विरोधक’ लिहा. यात छटाही मावतात. रँडॉल्फने फिलाडेल्फियात सही केली नाही आणि व्हर्जिनियात मात्र मसुद्याच्या बाजूने मत दिलं. अशा माणसाला ‘वादी’ म्हणणार की ‘विरोधी’?

उत्तर

हेन्रीचा विषय निघालाच आहे तर ‘आम्ही लोक’कडेही बघा. ४ जून १७८८ ला व्हर्जिनियाच्या सभेत त्याने विचारलं की ‘आम्ही, राज्ये’ न म्हणता ‘आम्ही, लोक’ म्हणायचा अधिकार यांना दिला कुणी? त्याचा युक्तिवाद असा : करार राज्यांचा असेल तर हा संघ, करार लोकांचा असेल तर सगळं एका मोठ्या सरकारात विरघळलं. गंमत म्हणजे आधीच्या मसुद्यात ‘न्यू हॅम्पशायर, मॅसॅच्युसेट्स...’ अशी राज्यांची नावं ओळीने होती. भाषा घोटून देणाऱ्या समितीत, गव्हर्नर मॉरिसच्या हाताखाली, ती गेली. (गव्हर्नर हे त्याचं नाव आहे, पद नाही. भाषांतरात ‘राज्यपाल मॉरिस’ करू नका.) कोणती ९ राज्ये होकार देतील हे आधी कळणार नव्हतं, त्यामुळे नावं छापणं अडचणीचंच होतं.

हेन्रीने ज्यावर बोट ठेवलं तो प्रश्न आपल्याकडे बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत सरळ हाताळला. भारताला ‘फेडरेशन’ न म्हणता ‘युनियन’ का म्हटलं, तर हा संघ राज्यांनी आपसात करार करून झालेला नाही आणि म्हणून कुठल्याही राज्याला तो सोडायचा हक्क नाही. आपल्या उद्देशिकेतले ‘आम्ही, भारताचे लोक’ या पार्श्वभूमीवर वाचले की हेन्रीचा आक्षेप मराठी वाचकाला पटकन कळतो.

उत्तर

एक जागा जपा. न्यूयॉर्कने ‘सशर्त संमती’ दिली असं लिहिलं जातं, ते चूक आहे. अट घालायचीच खटपट होती. न्यूयॉर्कातला मसुद्याचा समर्थक हॅमिल्टन, त्याने मॅडिसनला विचारलं. उत्तर आलं की संमती संपूर्ण आणि कायमची लागते. मग सभेत ‘या अटीवर’ हे शब्द खोडून ‘या पूर्ण विश्वासाने’ असे घातले गेले आणि २६ जुलै १७८८ ला ठराव पार पडला. मॅसॅच्युसेट्सने फेब्रुवारीतच १८७ विरुद्ध १६८ मतांनी होकार देताना दुरुस्त्यांची फक्त ‘शिफारस’ केली होती. अट, शिफारस आणि विश्वास हे तीन शब्द मराठीत एकमेकांत मिसळू देऊ नका. नागरिकांच्या हक्कांच्या ज्या पहिल्या १० दुरुस्त्या १७९१ मध्ये आल्या, त्या या शिफारशींच्या रेट्यातून.

प्रश्नकर्तीकडून

‘मसुद्याचे विरोधक’ घेते, आणि ‘अनुसमर्थन’ उलगड्यासकट. आता ‘कन्व्हेन्शन’चं काय? फिलाडेल्फियाचं आणि राज्यांचं, दोन्हींना ‘अधिवेशन’ म्हटलंय.

उत्तर

‘अधिवेशन’ म्हटलं की डोळ्यांपुढे नागपूर आणि हिवाळा येतो, म्हणजे परत विधानमंडळच. आणि या सभा विधानमंडळं नव्हत्या, हाच तर मुद्दा. फिलाडेल्फियाची ‘परिषद’, राज्यांच्या ‘संमती-सभा’.