इंजिन बांधल्यावर सेल्फ किंचाळतोय: आधी पॅकिंग की आधी मोजमाप?

भायखळेकर:
मित्राच्या १९७० च्या शेव्हरोले इम्पालाचे ३५० (क्युबिक इंची) इंजिन नुकतेच बांधून झाले. गाडी ऑटोमॅटिक, फ्लेक्सप्लेट (इंजिनच्या मागची दातेरी प्लेट, सेल्फ हिलाच फिरवतो) नवी. सेल्फ मारला की इंजिन चालू होते, पण किल्ली सोडता सोडता कर्कश किंचाळी येते. मिस्त्री म्हणतो सेल्फ बदला. माझे मत सरळ आहे: इंजिन उतरवून पुन्हा चढवले असेल तर सेल्फवर संशय सर्वांत शेवटी घ्यावा. आधी प्लेटचे दाते मोजा. या इंजिनाला १५३ दात्यांची लहान आणि १६८ दात्यांची मोठी, अशा दोन प्लेट्स येतात. लहान प्लेटच्या सेल्फचे दोन्ही बोल्ट एका ओळीत असतात, मोठीच्या सेल्फचे तिरके. ब्लॉकला तीन भोके असली तर दोन्ही सेल्फ बसतात आणि तिथेच घोळ होतो. ओपेरा हाउसला दुकानदार ‘थ्री-फिफ्टीचा सेल्फ’ एवढेच ऐकून वस्तू हातात ठेवतो.

लेथवाला_कुर्ला:
साहेब, चुकीची जोडी असती तर इंजिन असे नीट फिरलेच नसते. आवाज नीट ऐका. क्रँकिंग चालू असतानाच, म्हणजे सेल्फ इंजिन फिरवत असतानाच, शिट्टी वाजली तर पिनियन (सेल्फचा छोटा गिअर) प्लेटच्या दात्यांपासून दूर आहे. इंजिन पेटल्यावर, किल्ली सोडताना वाजली तर पिनियन जास्त आत घुसलाय. तुमची तक्रार या दुसऱ्या प्रकारची आहे. सेल्फ आणि ब्लॉकच्या मध्ये एक पॅकिंग (पातळ पत्रा) घाला आणि गाडी बाहेर काढा. गिऱ्हाईक दारात उभे असताना मोजमाप कोण करत बसतो?

भायखळेकर:
मोजमापाला कितीसा वेळ लागतो? बॅटरीची तार काढा, खालचे पत्र्याचे कव्हर उघडा, स्क्रूड्रायव्हरने पिनियन पुढे ढकलून प्लेटच्या कडेच्या दातेरी रिंगच्या दात्यात बसवा. पिनियनच्या दात्याचे टोक आणि रिंगची खाच यांच्यात साधारण ०.०२ ते ०.०३५ इंच, म्हणजे अर्धा ते ०.९ मिलिमीटर फट हवी. हे एकाच जागी करू नका. क्रँक पान्याने फिरवत चार ठिकाणी बघा, खडूने खुणा करा. फट एकीकडे कमी आणि दुसरीकडे जास्त आली तर प्लेट वाकडी आहे किंवा नीट बसलेली नाही. तिथे पॅकिंग घातले तर आवाज एका बाजूचा दुसऱ्या बाजूला जाईल, एवढेच. थोड्या दिवसांत रिंगचे दाते खाल्ले जातील आणि गिअरबॉक्स उतरवावाच लागेल. ते पैसे मिस्त्री देणार नाही.

ठाण्याची_मीनल:
दोघांचेही अर्धेच ऐकावे असे मला वाटते. पॅकिंगच्या आधी सेल्फचे बोल्ट बघा. मूळ बोल्टच्या दांड्यावर बारीक रेघांचा खरखरीत भाग असतो, त्यामुळे सेल्फ जागेवर घट्ट धरला जातो. इंजिन बांधताना ते हरवतात आणि त्याच मापाचा साधा बोल्ट ठोकला जातो. मग दरवेळी सेल्फ किंचित सरकतो. आज घातलेले पॅकिंग उद्या चुकीचे ठरते.

वायरमन_दादर:
आणि अर्थिंग? नव्या रंगावर अर्थिंगची पट्टी आवळली की इंजिनला अर्थ मिळत नाही. क्रँकिंग चालू असताना बॅटरीचा ऋण खांब आणि इंजिनचा ब्लॉक यांत मीटर लावा. अर्धा व्होल्ट दिसला तरी रंग खरवडा.

भायखळेकर:
दादा, हा मुद्दा इंजिन संथ फिरत असेल तेव्हाचा. इथे ते जोरात फिरते आणि नंतर ओरडते. दोन तक्रारी एकत्र केल्या की चुकीचा पार्ट विकत घेतला जातो. मीनलताईंचा बोल्टचा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य.

लेथवाला_कुर्ला:
चार ठिकाणी फट सारखीच कमी आली तर पॅकिंगच ना? मग मी काय वेगळे सांगत होतो?

भायखळेकर:
तेव्हा पॅकिंगच, माझी हरकत नाही. पण फट कमीजास्त आली तर गिअरबॉक्स मागे घ्या आणि ब्लॉकच्या मागच्या तोंडावरच्या दोन्ही लोकेटिंग पिना बघा. इंजिन धुताना-रंगवताना त्या पडतात. मग गिअरबॉक्स नुसत्या बोल्टांवर, मध्य सोडून बसतो आणि प्लेट क्रँकच्या बोल्टांभोवती तडकते. तडकलेली प्लेट ठकठक करू लागली की लोक बेअरिंग गेले समजून नुकतेच बांधलेले इंजिन पुन्हा खोलतात. शिवाय परत जोडताना टॉर्क कन्व्हर्टर (प्लेट आणि गिअरबॉक्स यांना जोडणारा तेलाचा डबा) पूर्ण मागे ढकलल्यावर तो आणि प्लेट यांच्यात ३ ते ५ मिलिमीटर मोकळीक हवी. ती नसेल तर बोल्ट आवळू नका, गिअरबॉक्सचा तेलपंप फुटेल.

लेथवाला_कुर्ला:
पिनांचे पटले, त्या मीही बघतो. पण सेल्फ उतरवून पॅकिंग लावणे अर्ध्या तासाचे काम आणि गिअरबॉक्स उतरवणे दिवसभराचे. मी आधी अर्ध्या तासाचेच करणार.

ठाण्याची_मीनल:
करा, पण खडू आधी फिरवा.