प्रेअरीत आधी उजेड बघा, मग लेन्स

प्रेअरी, म्हणजे उत्तर अमेरिकेतली विस्तीर्ण गवताळ मैदानं, नुसतं सपाट गवत आहे, वाइड लेन्स लावूनही फोटोत काही येत नाही, असं काही जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. अडचण सपाटीची नाही, उजेडाची आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या फ्लिंट हिल्स या टेकड्यांचे उतार भर दुपारी एकमेकांत मिसळून जातात. सूर्य कलला की उतारांच्या प्रत्येक घडीत सावली भरते. तेव्हा टेलीफोटो, म्हणजे दूरचं जवळ दाखवणारी लांब लेन्स, लावून बघा, दूरचे उतार एकावर एक रचल्यासारखे दिसतात. उंच गवताची प्रेअरी आता मूळच्या 4 टक्क्यांहूनही कमी उरली आहे आणि त्यातली बरीचशी इथेच आहे, म्हणून तिला कंटाळवाणी म्हटलं की मला वाईट वाटतं.

वसंतात प्रेअरी चिकन या जमिनीवर राहणाऱ्या कोंबडीसारख्या पक्ष्याचे नर पहाटे ठरलेल्या मोकळ्या जागी जमतात. मानेच्या नारिंगी पिशव्या फुगवतात, डोकं खाली घालून इतक्या भरभर पाय आपटतात की कमी शटर स्पीडला पाय दिसतच नाहीत. उजाडण्याआधी लपणात बसायचं, कॅमेरा जमिनीलगत ठेवायचा आणि पक्षी आपणहून गेल्याशिवाय बाहेर यायचं नाही. माद्या बिथरल्या तर मीलनच बिघडतं. एका फोटोसाठी त्यांना बिथरवू नका, कळकळीने सांगतो.

बायसनसाठी, म्हणजे गव्यासारख्या प्रचंड रानटी जनावरासाठी, लांब लेन्सच हवी. त्याच्या गडद अंगावर मीटरिंग केलं, म्हणजे कॅमेऱ्याला उजेड तिथून मोजू दिला, तर मागचं फिकट गवत पांढरं पडतं, तेव्हा एक्सपोजर गवतावर ठरवा. आणि त्याने शेपूट ताठ उभी केली की लगेच मागे व्हा.