(ऑक्टोबर 2023) कॅनडाचं मुंबई कॉन्सुलेट बंद, भाचीची फाइल खरंच अडकली का? मदत हवी आहे

मंडळी नमस्कार. मी सांगलीचा, मार्केट यार्डात हळदीची अडत आहे, परदेशातलं मला ओ की ठो कळत नाही. पण मिरजेची भाची जानेवारी 2024 च्या इनटेकला कॅनडाला निघालीय आणि दाजींनी सगळं माझ्या गळ्यात घातलंय. जीआयसीचे (राहण्याखाण्यासाठी कॅनडातल्या बँकेत आधी ठेवायची ठेव) 10,000 कॅनेडियन डॉलर भरले (सहा लाखाच्या वर गेले की हो), फी भरली, फॉर्म सप्टेंबरात ऑनलाइन गेला, पुण्याला जाऊन बोटांचे ठसे पण दिले. आणि 19 ऑक्टोबरला बातमी, कॅनडानं 41 अधिकारी परत नेले, मुंबई, चंदीगड, बेंगळुरूची कॉन्सुलेटं लोकांना बंद. लगेच धाकट्या बहिणीचा फोन, "दादा, पोरीचं काय आता?"

आमचा एजंट म्हणतो मुंबईत आता माणूसच नाही, फाइल धूळ खात पडणार, 45 हजार द्या, दुबईच्या ऑफिसातून फिरवून आणतो. आधी दसऱ्यापर्यंतच ऑफर म्हणाला, दसरा झाला तर आता दिवाळीपर्यंत म्हणतोय. अडतीत बसून एवढं कळतं की मुदत सरकायला लागली की मालात काहीतरी खोट आहे, पण घरच्या पोरीचा विषय आला की डोकं चालत नाही. लॉगिन पासवर्ड पण त्याच्याकडंच. देऊ का पैसे?

कृष्णाकाठ: एक रुपया देऊ नका दादा. फाइल मुंबईत नसतेच.

मूळचा तासगावकर: वरचं बरोबर आहे, जरा सविस्तर सांगतो, मी गेली 6 वर्षं इकडं कॅनडातच आहे. पुण्यात तुम्ही ठसे दिले ते खासगी कंपनीचं सेंटर, ती सेंटरं चालूच आहेत. अर्जाचा निर्णय ऑनलाइन होतो, जगात कुठल्याही ऑफिसात, भारतातल्या 100 अर्जांतले 89 आधीपासूनच भारताबाहेर बघितले जातात. कुठल्या ऑफिसात जायचं ते त्यांची सिस्टिम ठरवते, एजंट नाही, त्यामुळं दुबईची गोष्ट निव्वळ थाप. पण वेळ लागणार हे मात्र खरं. कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याचे 27 लोक होते भारतात, आता 5 राहिलेत, त्यांच्याकडं व्हिसा छापणं, तातडीच्या केसेस, सेंटरांवर देखरेख एवढंच. डिसेंबरअखेर साडेसतरा हजार अर्ज तुंबतील असं त्या खात्यानंच सांगितलंय. म्हणून कॉलेजला आजच मेल टाका, व्हिसा उशिरा आला तर मे इनटेकला ढकलता येईल का.

भडंगप्रेमी: पण मला एक कळत नाही, 41 च का? हाकललं का त्यांना?

मूळचा तासगावकर: हकालपट्टी नाही म्हणता येणार. आपल्या सरकारचं म्हणणं, तुमचे लोक इथं जास्त, आमचे तिकडं कमी, आकडा सारखा करा. 62 होते, 21 ठेवा, 20 ऑक्टोबरनंतर बाकीच्यांना राजनैतिक संरक्षण नाही. मग ते कुटुंबं घेऊन निघाले. 1961 च्या व्हिएन्ना कराराच्या कलम 11 चा आधार आपण दिला, दूतावासात माणसं किती असावीत हे यजमान देश आवरू शकतो असं त्यात आहे. कॅनडा म्हणतो असा अर्थ होत नाही. भांडण सरकारांचं आणि रांगेत पोरं, पण एजंटला मात्र दिवाळी.

कृष्णाकाठ: दादा अजून एक, ठसे द्यायचं जे पत्र आलं होतं त्यावर अर्ज क्रमांक आहे, पासवर्ड नसला तरी त्यावरून स्टेटस बघता येतं. आणि पैसे घेऊन कॅनडाचं काम करणाऱ्याला तिथलं लायसन्स लागतं. नंबर मागा त्याचा, सीआयसीसीच्या (इमिग्रेशन सल्लागारांना लायसन्स देणारी तिथली संस्था) वेबसाइटवर यादी असते, शोधून बघा.

धागाकर्ता: मागितला नंबर. आधी म्हणाला साहेब मीटिंगमध्ये आहेत, मग म्हणाला ते जुन्या ऑफिसात आहे, मग फोनच उचलेना. पत्र सापडलं, भाचीनं स्टेटस बघितलं, प्रोसेसिंग चालू असं दाखवतंय, ठसे मिळाल्याची नोंद पण आहे. बहीण फोनवर रडली आणि मग मलाच झापलं, आधी का नाही विचारलंस म्हणून. कॉलेजला मेल भाचीनंच लिहिला. आता एकच राहिलं, व्हिसा नाकारला तर जीआयसीचे पैसे परत येतात का?

मूळचा तासगावकर: येतात, नकाराचं पत्र बँकेला द्यावं लागतं. पण तो विचार आत्ताच कशाला. आधी त्याच्याकडून पासवर्ड काढून घ्या.