अझाथायोप्रिन: मुलाचे वजन वाढले, गोळी मात्र तेवढीच राहिली

कोपरीची आई (ठाणे पूर्व)

नमस्कार. माझ्या ११ वर्षांच्या मुलाला गेल्या वर्षी गणपतीच्या सुमारास क्रोन्सचे (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणाऱ्या आजाराचे) निदान झाले. त्याआधीचे चार महिने हा आतड्याचा क्षय आहे की क्रोन्स, याच घोळात गेले. सुरुवातीला आठ आठवडे घरचे जेवण पूर्ण बंद ठेवून फक्त पावडरीचे पोषक पेय दिले आणि त्याच काळात अझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारे औषध) ५० मिलिग्रॅम, रोज रात्री जेवणानंतर, असे सुरू झाले. तेव्हा त्याचे वजन २४ किलो होते. आता ते ३१ किलो आहे, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण गोळी अजूनही ५० चीच आहे, हे परवा त्याची फाईल लावताना माझ्या लक्षात आले.

पोट तसे शांत आहे, शाळा बुडत नाही. मात्र शौचाच्या तपासणीत कॅलप्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारा आकडा) मार्चमध्ये १४० होते, ते या वेळी ३९० आले. पांढऱ्या पेशी ८,१०० आहेत आणि यकृताच्या तपासण्या ठीक आहेत. डॉक्टरांची पुढची वेळ तीन आठवड्यांनी आहे आणि त्यासाठी परळला जावे लागते. मी स्वतःच्या मनाने गोळी वाढवणार नाही, हे आधीच सांगते. परंतु त्या दहा मिनिटांत नेमके काय विचारायचे, हे ठरवून जायचे आहे. वजनाप्रमाणे मात्रा बदलायची असते का? आणि ५० आणि ७५ यांच्या मधली मात्रा देणार कशी?

खारघरचा बाबा

ताई, माझी मुलगी आता १६ वर्षांची आहे आणि या आजाराचे आमचे हे सहावे वर्ष आहे. मुलांमध्ये अझाथायोप्रिनची मात्रा साधारणपणे दर किलो वजनामागे रोज २ ते २.५ मिलिग्रॅम धरतात. आपल्या मुलाला सुरुवातीला २.१ च्या आसपास मिळत होते. आज तीच गोळी १.६ इतकीच भरते. म्हणजे कोणी मात्रा कमी केलेली नसतानाही ती कमी झाली आहे. वाढत्या वयाच्या मुलांमध्ये ही गोष्ट नजरेतून सहज निसटते, कारण कागदावरचा आकडा तोच राहतो.

तरीही केवळ वजनावर जाऊ नका, असे मी का म्हणतो ते सांगतो. माझ्या मुलीला वजनाच्या हिशेबाने पूर्ण मात्रा दिली गेली. तिसऱ्या आठवड्यात सकाळी तिच्या उशीवर केसांचे पुंजके दिसू लागले. आम्ही ते साबण आणि पाण्यावर ढकलले. चार दिवसांनी रक्त तपासले, तेव्हा पांढऱ्या पेशी १,९०० वर आल्या होत्या. पुढे जनुकीय तपासणीत एनयूडीटी-१५ या जनुकातला दोष निघाला. हा दोष असला की औषधाचा निचरा नीट होत नाही आणि नेहमीची मात्राही अस्थिमज्जेला झेपत नाही. जुन्या माहितीत टीपीएमटी या विकराच्या (एन्झाइमच्या) एकाच तपासणीचा उल्लेख असतो. आपल्याकडच्या, म्हणजे आशियाई, लोकांमध्ये एनयूडीटी-१५ अधिक महत्त्वाचा ठरतो आणि त्याचा संबंध २०१४ मध्ये उजेडात आला. आपल्या मुलाची ही तपासणी झाली आहे का, हा पहिला प्रश्न ठेवा. वर्षभर ५० वर पेशी उत्तम राहिल्या आहेत, त्यामुळे मोठा दोष असण्याची शक्यता कमी वाटते. पण मात्रा वाढवण्यापूर्वी ते कागदावर असलेले बरे.

दुसरा प्रश्न रक्तातल्या ६-टीजीएनचा. गोळीचे शरीरात जे प्रत्यक्ष काम करणारे रूप तयार होते, ते यात मोजतात. ८० कोटी तांबड्या पेशींमागे २३५ ते ४५० पिकोमोल हा साधारण अपेक्षित पट्टा असतो. सोबत ६-एमएमपी हे औषधाचे दुसरे रूपही मोजतात. ते ५,७०० च्या वर गेले तर यकृताला त्रास होण्याचा धोका वाढतो. काही मुलांच्या शरीरात औषध चुकीच्या वाटेने जाऊन ६-एमएमपीच वाढत राहते, आणि अशा मुलांची गोळी नुसती वाढवत नेली तर पदरात फक्त यकृताचा त्रास पडतो.

नेरूळ, सेक्टर रहिवासी

मुलगा खातो आहे, खेळतो आहे, तर कशाला हात लावायचा? माझ्या पुतण्याची मात्रा तीन वर्षे बदललेली नाही. प्रतिकारशक्ती दाबणारे औषध जितके कमी तितके चांगले, असे माझे मत आहे.

खारघरचा बाबा

आपली काळजी समजते, परंतु या आजारात पोट शांत असणे आणि आतडे शांत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅलप्रोटेक्टिन १४० वरून ३९० वर जाणे ही आतून आलेली सूचना असू शकते; साध्या जुलाबानेही ते तात्पुरते वाढते, म्हणून ते पुन्हा करून घ्यावे. अपुरी मात्रा देत राहिलो तर औषधाचे धोके पत्करूनही आजार आवरत नाही, असा दुहेरी तोटा होतो.

वाशीचा औषधविक्रेता

गोळीबद्दल मी सांगतो. अझाथायोप्रिन ५० प्रमाणेच २५ मिलिग्रॅममध्येही मिळते, त्यामुळे सुरीने गोळी अर्धी करण्याचा उद्योग टाळता येतो. माझ्याकडे एक आजी पोळपाटावर गोळी कापून उरलेली पिवळसर भुकटी नातवाला मधातून देत असत. ही गोळी चुरायची नसते, आणि तुटलेली गोळी हाताळावी लागलीच तर हातमोजे घालून हाताळावी. घरात कोणी गरोदर असेल तर तिने तुटलेल्या गोळीला हातच लावू नये. मधली मात्रा हवी असल्यास डॉक्टर एक दिवस ५० आणि एक दिवस ७५ असेही लिहून देतात, म्हणजे सरासरी ६२.५ पडते. तसे लिहून दिल्यास कॅलेंडरवर रोज आकडा टाका, नाहीतर चौथ्या दिवशीच गोंधळ होतो.

एखादा डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नये. इतर कोणतेही औषध घेताना मुलगा अझाथायोप्रिनवर आहे, हे दुकानदाराला आणि डॉक्टरांना सांगावे. युरिक ॲसिडसाठीचे ॲलोप्युरिनॉल याच्यासोबत गेले, तर पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरतात. कोट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविकही विचारल्याशिवाय देऊ नये.

ऐरोलीची आई

पावसाळा आहे म्हणून लिहिते. या औषधावर असलेल्या मुलाला १०० च्या वर ताप आला तर दोन दिवस वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवून पेशी तपासा आणि त्या रात्रीची गोळी द्यायची की थांबवायची, हे त्यांनाच विचारा. गेल्या वर्षी आमच्याकडे पेशी २,८०० आल्या, तेव्हा औषधामुळे की डेंग्यूमुळे, हे कळायला दोन दिवस गेले. शेवटी डेंग्यू निघाला. दोन्हींत पेशी खाली येतात. तापासाठी पॅरासिटामॉलच द्यावे, कारण आयबुप्रोफेन डेंग्यूतही घातक आणि क्रोन्समध्येही त्रासदायक ठरते. वर्गात कोणाला कांजिण्या आल्या तर तेही त्याच दिवशी कळवावे. आणि घरात लहान भावंड असेल, तर पल्स पोलिओच्या रविवारी तोंडातून थेंब पाजण्याआधी मुलाच्या डॉक्टरांना विचारा, कारण त्या थेंबांत जिवंत विषाणू असतात.

कोपरीची आई

सर्वांचे मनापासून आभार. काल जाऊन आलो. मी वजनाचे आकडे आणि दर किलोचा हिशेब एका कागदावर लिहून नेला होता; डॉक्टरांनी तो फाईललाच लावून घेतला. एनयूडीटी-१५ आणि टीपीएमटी या दोन्ही तपासण्या सुरुवातीलाच झालेल्या होत्या आणि त्या सामान्य होत्या; मलाच त्यांचा अर्थ ठाऊक नव्हता. ६-टीजीएन मात्र १६८ आले आणि ६-एमएमपीही कमीच आहे, म्हणजे औषध वाट चुकलेले नाही, तर थेट कमीच पडत होते. गोळी चुकते का, असेही त्यांनी मुलाला एकट्याला विचारले. महिन्यातून दोन-तीनदा चुकते, असे त्याने कबूल केले. मला हे माहीत नव्हते.

आता एक दिवस ५० आणि एक दिवस ७५ असे सुरू झाले आहे. दोन आठवड्यांनी पेशी आणि यकृताची तपासणी, तर ६-टीजीएन आणि कॅलप्रोटेक्टिन सहा आठवड्यांनी पुन्हा करायचे आहे, कारण मात्रा बदलल्यावर पातळी स्थिर व्हायला सुमारे चार आठवडे लागतात. कॅलेंडरवर आकडे टाकण्याचे काम मुलानेच स्वतःकडे घेतले आहे. धाकटीला पोलिओचे थेंब द्यायचे राहिलेच होते. त्याऐवजी इंजेक्शनची लस घेण्याबद्दल तिच्या डॉक्टरांशी सोमवारी बोलणार आहे.