सड्यावर गाड्या घालतात, अडवायच्या कशा?

सडामाळ:
चाळकेवाडीच्या बाजूला पवनचक्क्यांचा रस्ता सोडून शनिवार-रविवारी जीपा आणि बाइक थेट सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर, शिरतात. पाऊस लागला की चिखलात गोल गोल फिरवतात, रील काढतात, बाटल्या तिथंच टाकतात. गावातली पोरं आणि साताऱ्यातले काही जण मिळून रस्त्याकडेला दगड लावायचं ठरलंय. दगड सड्यावर भरपूर पडलेत. पडलेल्या चाकोऱ्यांत माती भरून झाडं लावू. दगडांत अंतर किती ठेवावं? परवानगी कुणाची?

जांभाकातळ:
सड्यावरचा एकही दगड उचलू नका. सुट्या दगडांखालीच इथले जीव दिवस काढतात. २००८ साली नवी जात म्हणून नोंदली गेलेली साताऱ्याची पाल (हेमिडॅक्टिलस साताराएन्सिस) याच भागातली. शिवाय विंचू आणि फुरसंही तिथंच, त्यामुळं दगडाखाली हात घालायचाच नाही.

धोंडे खाणीतून आणा आणि रॉयल्टीची पावती सोबत ठेवा, नाहीतर ट्रॉली वाटेत अडवतात. कातळात पुरता येत नाही म्हणून वजनच कामाला येतं. पाऊण मीटर व्यासाचा काळा धोंडा सहाशे किलोच्या आसपास भरतो, चार जणांनी ढकलला तरी सहज हलत नाही. लहान दगड रचलेत तर पुढच्या रविवारी बाजूला सारलेले दिसतील. दोन धोंड्यांत १.२ मीटर मोकळं सोडा. छोटी कारही दीड मीटरच्या आसपास रुंद असते, ती अडते, गुरं मात्र आरामात जातात. काम मे महिन्यात उरका आणि जेसीबी डांबरावरच उभा ठेवा. चर खणू नका, पाण्याची वाट बदलते आणि खालची डबकी कोरडी पडतात.

गटनंबर:
आधी सातबारा आणि गटाचा नकाशा काढा. एकाच सड्यावर मालकी, गायरान आणि वनखातं असे तुकडे शेजारी शेजारी असतात. मालकी असेल तर मालकाची लेखी संमती, गायरान असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव आणि तहसीलदारांना पत्र, वनजमीन असेल तर परिक्षेत्र वनअधिकारी. रस्त्याच्या हद्दीत धोंडा ठेवायचा तर रस्ता ज्याच्या ताब्यात आहे त्यालाही विचारा. पवनचक्कीची वाट आणि बैलगाडीची वाट बंद करू नका. ठरावात ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीचं नाव घाला, २००२ च्या जैवविविधता कायद्यानं तिला आधार आहे.

वायतुरा:
माती आणि झाडं, दोन्ही बेत सोडा, कळकळीनं सांगतो. सड्यावर माती बोट-दोन बोटं, तीही निकस. दवबिंदू आणि सीतेची आसवं ही कीटकभक्षी झाडं किडे धरून नत्र मिळवतात, म्हणून अशा जागी टिकतात. ट्रॉलीभर सुपीक माती टाकली की त्यातून गाजरगवत येतं आणि ही बारकी झाडं दबून जातात. सडा मोकळाच असायचा, तो उजाड नाही.

खरं नुकसान चाकोरी डबक्याची कड फोडते तिथं होतं. पाणी निघून जातं आणि चिखलातला वायतुऱ्याचा, म्हणजे डबक्यात वाढणाऱ्या पाणवनस्पतीचा, कंद उघडा पडतो. तेवढी फटच बुजवा, आणि ती चाकाच्या कडेला उसळलेल्या त्याच मातीनं. पहिले एक-दोन वळीव झाल्यावर माती ओलसर असते, तेव्हा पायानं दाबून बसवा. डबकं भरल्यावर आत उतरू नका. बाकीची चाकोरी तशीच राहू द्या.

सडामाळ:
झाडांचा बेत रद्द. पण १.२ मीटरच्या फटीतून बाइक जाणारच की!

गटनंबर:
जाणार. गुरं जातील तिथून बाइक जाते, तिथं माणूसच लागतो. फुलांच्या सप्टेंबरपर्यंत थांबू नका, नासधूस पहिल्या पावसातच होते. जोडीनं, रस्त्यावर उभे राहा आणि गाडी कुठं लावायची ती जागा आधी दाखवा. बहुतेक जण तेवढ्यावर ऐकतात. कुणाची चावी काढायची नाही, दंड मागायचा नाही, तो अधिकार आपल्याला नाही. नंबरप्लेट, चाक सड्यावर असलेला फोटो, तारीख, वेळ आणि गट क्रमांक एवढं तक्रारीला जोडा. वनजमीन असेल तर वनखात्याची हेल्पलाइन १९२६, दमदाटी झाली तर ११२.