मदत हवी आहे : ड्रायनेरिया की अॅग्लाओमॉर्फा?

झाडावर वाढणाऱ्या एका नेच्याची (फर्नची) प्रजाती, म्हणजे जातींचा गट (genus), ठरवायची आहे; ड्रायनेरिया आणि अॅग्लाओमॉर्फा या नेच्यांच्याच दोन प्रजाती. पॉलिपोडिएसी हे नेच्यांचं कुल (family) असावं, कारण पानामागे बीजाणूंचे गोल ठिपके आहेत आणि त्यांवर आवरण नाही. अॅस्प्लेनियम निडस (बर्ड्स नेस्ट फर्न) या नेच्यामध्ये ते शिरांलगत रेघांसारखे असतात, त्यामुळे तो बाद.

अडचण पुढे आहे. ड्रायनेरियात पानं दोन प्रकारची असतात: बुडाशी पालापाचोळा अडवणारी बिनदेठाची, लवकर तपकिरी होणारी वांझ पानं, आणि वर लांब देठाची हिरवी, बीजाणू धरणारी. माझ्या नेच्याला वेगळी तपकिरी पानं दिसतच नाहीत! प्रत्येक पानाचाच तळ रुंद, कोरडा होऊन पाचोळा धरतो, आणि शेंड्याकडचे बीजाणू असलेले भाग अरुंद आहेत. हे अॅग्लाओमॉर्फाचं लक्षण ना? की रोप कोवळं असल्यामुळे तसं दिसतंय?

काही अभ्यासक या दोन्ही प्रजाती एकत्रच करतात म्हणे, म्हणजे वाद अजून मिटलेला नाही. तरी जातीपर्यंत पोचायचं तर भिंगाखाली आधी काय पाहू? जाड खोडावरचे खवले, शिरांची जाळी, की ठिपक्यांची मांडणी? रोप न उपटता जमेल असंच सांगा. प्लॅटिसेरियम (स्टॅगहॉर्न फर्न) नाही, एवढं नक्की.