भाचा म्हणतो, अधिकृत म्हणजे खोटंच. कुठे अडवू?

रात्रपाळी

भाचा एकोणीस वर्षांचा, डोक्याने तल्लख. गेल्या वर्षभरात त्याचं एकच पालुपद चाललंय: अधिकृत म्हणजे खोटं. खरं सांगायचं तर संशय घ्यायला मीच शिकवलं त्याला. लहानपणी पालक बघितला की तोंड फिरवायचा. तेव्हा मी त्याला गोष्ट सांगितली होती, की पालकात फार लोह असतं हा समजच मुळात चुकीतून आलाय. एका जर्मन रसायनतज्ज्ञाचं दशांशचिन्ह घसरलं, आकडा दहापट छापला गेला आणि पुढच्या पिढ्या निमूट पालक खात बसल्या. "छापलेलंही तपासायचं असतं, बघ," असं वर मिशीला पीळ देऊन म्हणालो होतो.

आता माझीच विद्या माझ्यावर उलटली आहे. परवा चंद्राचा विषय निघाला. मी म्हटलं, माणूस उतरला, त्यात वाद कसला? तर म्हणतो, "मामा, टोंकिनच्या आखातातला हल्ला खरा होता का?" मी गप्प. उत्तर व्हिएतनामने अमेरिकी युद्धनौकांवर केला म्हणून सांगितलेला ४ ऑगस्ट १९६४ चा तो दुसरा हल्ला झालाच नव्हता, हे मलाही ठाऊक आहे. "टस्कीगीत डॉक्टर ४० वर्षं त्या माणसांना काय सांगत होते?" मी आणखी गप्प. "इराकमधली ती महासंहारक शस्त्रं सापडली का रे? मग चंद्रावरच तेवढा विश्वास का ठेवायचा?"

तिन्ही उदाहरणं खरी, हीच पंचाईत. ‘असलं काही नसतं’ म्हणावं तर मी खोटा ठरतो. मान डोलवावी तर उद्या पृथ्वी सपाट म्हणून येईल. दुधाने तोंड पोळलं की ताक फुंकून पितात हे समजू शकतो, पण हा आता पाणीही प्यायला तयार नाही. नेमकं कुठे अडवू?

खतावणी

अडवू नका. लेखापरीक्षणाला बसवा.

मी सव्वीस वर्षं अंतर्गत लेखापरीक्षणात काढली. संशय घेण्याचाच पगार मिळायचा. तिथला पहिला धडा असा, की ज्याची वही त्यालाच विचारून वही बरोबर ठरवायची नाही. अमक्याकडून येणं आहे असं लिहिलंय? मग त्या अमक्याला पत्र टाकायचं आणि उत्तर थेट आमच्या टेबलावर मागवायचं. बँकेतली शिल्लक बँक सांगेल, रोखपाल नाही.

भाच्याची उदाहरणं या एकाच प्रश्नाने पाहा: पत्र कोणाला टाकता आलं असतं?

टोंकिनमध्ये साक्षीदार कोण, तर अमेरिकेच्याच दोन युद्धनौका. रात्र, खराब हवा, रडार आणि सोनारवरच्या खुणा. आणि गंमत म्हणजे शेरा वहीतच होता. तिथल्या कॅप्टन हेरिकने त्याच दिवशी तार केली: बऱ्याच नोंदी संशयास्पद वाटतात, विचित्र हवामान आणि अतिउत्साही सोनारवाले हे कारण असू शकेल, मॅडॉक्स या नौकेवरून डोळ्यांनी कोणी काही पाहिलेलं नाही, पुढचं पाऊल टाकण्याआधी पूर्ण तपासा. वरच्यांनी ते पान उलटलं. ७ ऑगस्टला व्हिएतनाममध्ये लष्करी बळ वापरायची मुभा देणारा ठराव अमेरिकी संसदेत झालासुद्धा.

चंद्राचं पत्र जाईल सोव्हिएत संघाला. अपोलो ११ तिथे होतं तेव्हा त्यांचं लुना १५ हे यानही चंद्राभोवती फिरत होतं, आणि २१ जुलै १९६९ ला ते तिथेच आदळलं. अमेरिकेचं नाटक उघडं पाडण्यात ज्याचा सगळ्यात जास्त फायदा, आणि ते पाडायला ज्याच्याकडे यंत्रणाही होती, त्याने बोंब मारली नाही. सहा मोहिमांतून आलेले ३८२ किलो दगडमाती देशोदेशीच्या प्रयोगशाळांनी तपासली. रशियनांनी १९७० मध्ये लुना १६ मधून स्वतःची माती आणली, म्हणजे ताडून पाहायला दुसरी वही तयार. चंद्रावर ठेवून आलेल्या परावर्तकांवर (आरशांवर) तर आजही लेसर मारतात आणि तो परत येतो.

टस्कीगी वेगळंच आहे, आणि त्यावर मला जास्त बोलायचंय. भाचा त्याला ‘गुप्त कट’ म्हणत असेल तर त्याला सांगा, गुप्त नव्हतंच. १९३२ ते १९७२, अमेरिकेच्या सरकारी आरोग्यखात्याचा अभ्यास. सिफिलिस झालेल्या ३९९ काळ्या पुरुषांना सांगत राहिले की तुमचं ‘रक्त खराब’ आहे, उपचार चालू आहेत. पेनिसिलिन १९४७ पर्यंत रूढ झालं, तरी दिलं नाही. आणि या अभ्यासावरचे लेख १९३६ पासून वैद्यकीय नियतकालिकांत राजरोस छापून येत होते! डॉक्टर वाचत होते, पान उलटत होते. पीटर बक्स्टन नावाच्या कर्मचाऱ्याने १९६६ मध्ये लेखी हरकत घेतली, दाद मिळाली नाही. शेवटी १९७२ मध्ये प्रकरण वृत्तसंस्थेपर्यंत पोचलं तेव्हा ते थांबलं. लोक कुलूपबंद कपाट शोधत फिरतात आणि कागद वाचनालयात उघडा पडलेला असतो.

आता माझी फजिती. एका ठिकाणी (नाव नको) रोकडवही हातात आली. अख्खा महिना एकाच शाईत, एकाच तिरक्या वळणात, कुठे खाडाखोड नाही. रोज लिहिलेली वही अशी नसते. पेन बदलतं, घाईत आकडा गिरवला जातो, कोपऱ्यात चहाचा डाग पडतो. मी ताडलं की ही नंतर बसून लिहिली आहे. बरोबर ताडलं होतं. आणि त्याच दमात पुढची उडी मारली, की रोखपालाने पैसे खाल्ले. वरिष्ठांच्या कानावरही घालून मोकळा झालो. तीन दिवसांनी बँकेचं विवरण आलं, आकडा न् आकडा जुळला. छत गळून मूळ वही भिजली होती, आणि त्या बिचाऱ्याने दोन रात्री बसून ती उतरवून काढली होती. भिजलेली वहीसुद्धा त्याने जपून ठेवली होती, फुगून दुप्पट जाड झालेली. मी मागितलीच नव्हती.

‘वही नंतर लिहिली’ इथवर माझ्याकडे पुरावा होता. ‘चोरी’ ही माझ्या पदरची भर. भाच्याला एवढंच विचारत जा: पुरावा कुठे संपला आणि तुझी भर कुठून सुरू झाली?

चिमूटभर

खतावणीकाकांना अनुमोदन. भाच्याला घरबसल्या करण्यासारखं एक: जिभेचा नकाशा. टोकाला गोड, बाजूला आंबट-खारट, मागे कडू असं चित्र आपण सगळ्यांनी पुस्तकात पाहिलंय. जिभेच्या टोकाला मिठाचा कण ठेवा. नकाशाप्रमाणे तिथे खारट लागायला नको. १९०१ च्या एका जर्मन प्रबंधात संवेदनक्षमतेचे बारीक फरक नोंदवले होते, पुढे आलेख वाचताना त्यांच्या सीमारेषा झाल्या.

आणि रात्रपाळी, राग मानू नका, पण तुमची पालकाची गोष्टही तपासा. १९८१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या एका लेखातून ती फार पसरली, आणि लेखात त्या दाव्याला संदर्भ दिलेलाच नव्हता. २०१० मध्ये माइक सटन नावाच्या अभ्यासकाने मागे माग काढत पाहिलं, तर घसरलेल्या दशांशचिन्हाचा पुरावा काही सापडला नाही. पालकात लोह आहे, फक्त त्यातलं थोडंच अंगी लागतं. तेव्हा भाच्याला तुम्ही संशय शिकवलात तो एका न तपासलेल्या गोष्टीवर. (मीही ती पाच वर्षं सगळ्यांना ऐकवली आहे. फार ऐटीत.)

उंटावरून

काका, पत्र टाकायचा अधिकार तुम्हाला होता. सामान्य माणसाच्या पत्राला कोण उत्तर देतं? टोंकिनवरचा अमेरिकी सुरक्षा संस्थेचा अंतर्गत अभ्यास खुला झाला २००५ मध्ये. म्हणजे ४१ वर्षांनी. तोवर युद्ध होऊन संपून गेलं. तुमच्या टेबलावर उत्तर येईपर्यंत माणसं मेलेली असतात. म्हणून मी भाच्याच्या बाजूने: आधी अविश्वास, मग बाकीचं.

खतावणी

उशिराचं म्हणणं बिनतोड आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण दोन गोष्टी.

एक, काही वेळा पत्र न टाकताच उत्तर येतं. चेर्नोबिलचा स्फोट २६ एप्रिल १९८६ चा. मॉस्को गप्प. २८ तारखेला सकाळी सुमारे ११०० किलोमीटरवर, स्वीडनमधल्या फोर्समार्क अणुवीज केंद्रात एका कर्मचाऱ्याच्या बुटांमुळे किरणोत्सर्गाचा इशारा वाजला. तिथल्यांनी आधी स्वतःचंच केंद्र तपासलं. तिथे गळती नाही. मग वारा कुठून येतोय ते पाहिलं. त्याच संध्याकाळी मॉस्कोला तोंड उघडावं लागलं. यात मला सगळ्यात आवडतं ते हे, की त्यांनी पहिला संशय स्वतःवर घेतला.

दुसरी, अविश्वास आणि ‘माहीत नाही’ या वेगळ्या गोष्टी आहेत. पुरावा अपुरा असेल तर लेखापरीक्षक ‘मत देता येत नाही’ असा शेरा मारू शकतो. तो शेरा अपमानाचा नसतो. ऑगस्ट १९६४ मध्ये तोच शेरा बरोबर होता आणि हेरिक जवळजवळ तेच म्हणत होता. सिनेटमध्ये ठरावाविरुद्ध दोनच मतं पडली, मोर्स आणि ग्रुनिंग यांची. ‘थांबा’ म्हणायला ४१ वर्षं लागत नाहीत, उंटावरून. ‘हे असंच घडलं’ म्हणायला लागतात.

रात्रपाळी

मंडळी, काल बसलो दोघं. सुरुवात पालकापासून केली, म्हणजे कबुलीच दिली. तो आधी खो-खो हसला आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं मी उगाच टाळला?" मी म्हटलं, तू चवीसाठी टाळत होतास, माझी गोष्ट फक्त तुझ्या सोयीची निघाली. यावर तो बराच वेळ काही बोलला नाही.

मिठाचा कण ठेवून झाला. हेरिकची तार त्याने शोधून दोनदा वाचली. चंद्रावर आल्यावर म्हणाला, "रशियालाही गप्प केलं असेल." मी खतावणीकाकांचा प्रश्न टाकला: हे वहीत आहे की तुझी भर? "भर," म्हणाला, पण कुरकुरत.

चंद्र अजून मान्य नाही. रात्री पाणी प्यायला उठलो तेव्हा दीड वाजला होता आणि हा लुना १५ बद्दल वाचत बसला होता.